स्तनाच्या कर्करोगाचं इमेजिंग आणि गाठीचं गणित: युरोपातल्या पीएचडीच्या जाळ्यात काय शिकले

कृष्णाकाठ
रविवार, रात्री ९.४०

मागच्या महिन्यात वाईला गेले होते, तेव्हा माझ्या कॉलेजातल्या दोन मुली घरी भेटायला आल्या. दोघींचा प्रश्न एकच. "ताई, तुम्ही इंजिनिअर. मग स्तनाच्या कर्करोगावर काम कसं करता? आणि तिकडे शिकवतात तरी काय?" चहाचे दोन राउंड झाले तरी माझं सांगून होईना. जे तेव्हा राहिलं ते इथे लिहिते आहे. या वाटेची माहिती मराठीत फारशी सापडत नाही आणि मला स्वतःला ती फार उशिरा कळली.

पुण्यातून इन्स्ट्रुमेंटेशनची बी.ई., मग बायोमेडिकलमध्ये एम.टेक., आणि मग नेदरलँड्समध्ये पीएचडी, असा माझा प्रवास. ही पीएचडी युरोपियन युनियनच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेतली होती. आम्ही तिला नुसतं 'एमएससीए' म्हणतो. या योजनेतल्या डॉक्टरल नेटवर्कमध्ये किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या संस्था एकत्र येऊन एक विषय घेतात, त्यात विद्यापीठं, रुग्णालयं, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या असं सगळं असतं. एका जाळ्यात साधारण दहा-पंधरा विद्यार्थी. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला लागणारं. शिवाय प्रत्येकाने काही महिने जाळ्यातल्या दुसऱ्या संस्थेत जाऊन काम करायचं असतं, ते जर्मनीत असेल, स्पेनमध्ये असेल, नाहीतर एखाद्या कंपनीत. आमच्या जाळ्याचा विषय होता स्तनाचं इमेजिंग, म्हणजे यंत्रांनी आतली चित्रं काढणं, आणि त्यातून गाठीचं संगणकीय मॉडेल.

पहिल्या दिवशी लॅपटॉप काढून बसले, तर माझ्या मार्गदर्शक म्हणाल्या, "तो ठेव आत. दोन आठवडे मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, खोलीत जा." मला वाईट वाटलं. मी कोड लिहायला आले होते. पण ते दोन आठवडे माझ्या अख्ख्या पीएचडीचा पाया ठरले.

तिथे एक ज्येष्ठ टेक्निशियन बाई होत्या. त्या प्रत्येक स्त्रीला आधी आपले हात घासून गरम करून मगच स्पर्श करायच्या. खांदा सैल सोडायला सांगायचं, हळूच पुढे घ्यायचं, मग वरची पट्टी खाली यायची. स्तन दाबून पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा होतो. हे दाबणं दुष्टपणाचं वाटतं, पण त्याने क्ष-किरण कमी लागतात, विखुरलेल्या किरणांचा धुरळा कमी होतो, हालचाल थांबते आणि एकावर एक आलेल्या ऊती पसरून दिसतात. किरणही कमी ऊर्जेचे असतात, छातीच्या एक्स-रेपेक्षा बरेच मऊ, कारण चरबी आणि ग्रंथी यांच्यातला फरक इतका सूक्ष्म आहे की जोरदार किरण दोन्हींतून सारखेच निघून जातात.

आता हीच बाई एमआरआयला गेली की पालथी झोपते. दोन खाचा असलेल्या कॉइलमध्ये (एमआरआयचे संकेत टिपणाऱ्या भागात) स्तन खाली लोंबतात. सोनोग्राफीला ती उताणी, हात डोक्यावर. ऑपरेशन टेबलवरही उताणी. म्हणजे मॅमोग्राफीत चपटा, एमआरआयमध्ये लांबट, सर्जनसमोर पसरलेला. तीन यंत्रं, तीन आकार, आणि आतली गाठ एकच. ती एका चित्रात ज्या जागी दिसते तिथून दुसऱ्या चित्रात काही सेंटिमीटर सरकलेली असते. रेडिओलॉजिस्ट हे मनातल्या मनात जुळवतात. संगणकाला ते शिकवायचं, हे माझ्या जाळ्यातलं पहिलं काम.

त्यासाठी स्तनाचे हजारो छोटे तुकडे करायचे, त्याला फायनाइट एलिमेंट म्हणतात. प्रत्येक तुकड्याला सांगायचं की तू चरबी आहेस, तू ग्रंथी, तू त्वचा, तू छातीचा स्नायू. प्रत्येकाचा लवचिकपणा वेगळा. मग गुरुत्वाकर्षण लावायचं, पट्टी दाबायची, आणि गाठ कुठे जाते ते मोजायचं. पुण्यात हीच पद्धत आम्ही लोखंडी तुळईवर शिकलो होतो. तुळई दाबली की किंचित वाकते. स्तन निम्म्यापेक्षाही चपटा होतो, त्यामुळे तुळईची सरळसोट समीकरणं इथे कामाची नाहीत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या बायोइंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने या प्रकारच्या मॉडेलवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मी सुरुवातीला त्यांचेच शोधनिबंध वाचून वाचून झिजवले.

दुसरं काम गाठ पुढे काय करेल याचं. त्याबद्दल कुणी विचारलं तर प्रतिसादात लिहीन, पोस्ट फार लांबली. एवढंच सांगते, की मला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट कोड ही नाही. दर आठवड्याला रेडिओलॉजिस्ट, सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, ऑन्कॉलॉजिस्ट आणि नर्स एका टेबलाशी बसून एकेका पेशंटचा विचार करायचे, त्या बैठकीत तीन वर्षं मागच्या खुर्चीत बसायला मिळालं. पहिले सहा महिने मला निम्मं कळलं नाही. नंतर कळायला लागलं, आणि माझ्या मॉडेलमधले दोन प्रश्न कुणाच्याच उपयोगाचे नव्हते हेही तिथेच कळलं. ते मी सोडून दिले.

---

शेवटचं_वर्ष_नाशिक
रविवार, रात्री ११.०५

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीला बायो सोडलं होतं. माझ्या मोठ्या मावशीला हा आजार झाला आणि तेव्हापासून हे काम करायचं डोक्यात आहे. पण घरची परिस्थिती अशी नाही की वीस-पंचवीस लाखांचं कर्ज काढता येईल. अर्ज कुठे करायचा? ब्रसेल्सला? एजंट लागतो का? आमच्या इथे एकाने 'युरोप पीएचडी पॅकेज' म्हणून पैसे मागितले.

---

कृष्णाकाठ
सोमवार, सकाळी ७.१५

कुणालाही एक रुपया देऊ नकोस. यात एजंटचं कामच नाही.

एमएससीए नेटवर्कचा पैसा आधी संस्थांना मंजूर होतो. मग त्या संस्था जागांची जाहिरात देतात, ती 'युरॅक्सेस' या सरकारी पोर्टलवर आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर येते. अर्ज थेट त्या विद्यापीठाला करायचा. ही शिष्यवृत्ती नाही, नोकरी आहे. पगार, विमा, करारपत्र असतं. आपण फी भरत बसत नाही.

अटी समजून घे. आधीची पीएचडी नसावी. राष्ट्रीयत्वाची अट नाही. आणि सगळ्यांत जास्त लोक जिथे अडकतात तो नियम हा, की ज्या देशात जागा आहे त्या देशात भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तू १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावास. म्हणजे जर्मनीत दोन वर्षं एम.एस. करून लगेच जर्मनीतल्याच जागेला अर्ज केला तर बाद, पण त्याच नेटवर्कमधल्या स्पेनच्या जागेला चालतो. माझ्याबरोबरच्या एका मुलीला हे मुलाखतीपर्यंत पोचल्यावर कळलं. फार रडली बिचारी. नाशिकहून जाणाऱ्याला मात्र सगळे देश मोकळे.

दुसरी गोष्ट, जी जाहिरातीत बारीक अक्षरात असते. योजनेचे पैसे एका विद्यार्थ्याला साधारण ३६ महिने मिळतात. पण नेदरलँड्ससारख्या देशात पीएचडी चार वर्षांची असते. चौथ्या वर्षाचा पगार कोण देणार, हे मुलाखतीतच विचार. संकोच करू नकोस. चांगला मार्गदर्शक या प्रश्नाला सरळ उत्तर देतो.

बायो नसल्याने अडत नाही. पण बहुतेक ठिकाणी मास्टर्स मागतात. त्यामुळे आधी गेट देऊन एम.टेक. कर, स्टायपेंडही मिळेल. आणि मावशी आता कशा आहेत?

---

शेवटचं_वर्ष_नाशिक
सोमवार, सकाळी ७.४०

बऱ्या आहेत. चार वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी चेकअप.

---

क्षकिरण_कोल्हापूर
सोमवार, दुपारी २.३०

मी रेडिओलॉजिस्ट आहे, प्रॅक्टिसला बावीस वर्षं झाली. लेख मनापासून आवडला, विशेषतः टेक्निशियन बाईंचे गरम हात. आपल्याकडे त्या हातांबद्दल कुणी लिहीत नाही.

पण इथली बाजूही मांडतो. तुमच्याकडे बाई येते तेव्हा तिला काहीच जाणवत नसतं, बोलावणं आलं म्हणून ती तपासणीला येते. माझ्याकडे येते तेव्हा गाठ तीन-चार सेंटिमीटरची, कधी त्वचेला चिकटलेली. ती ऊसतोडीला गेली होती, किंवा मुलीचं लग्न व्हायचं होतं, किंवा दुखत नव्हतं म्हणून थांबली. न दुखणारी गाठ साधी असते हा समज किती जणींना महागात पडला, याची मोजदाद माझ्याकडे आहे आणि ती आठवली की झोप लागत नाही.

दुसरं वय. आपल्याकडच्या पेशंट पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षांनी लहान असतात. चाळिशीतल्या स्त्रीच्या स्तनात ग्रंथी जास्त, चरबी कमी. मॅमोग्राफीत ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. धुक्यात पांढरा बगळा शोधायचा. अशा वेळी मी सोनोग्राफी केल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाही.

जगभरच्या कर्करोगाची आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या केसेस आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. म्हणजे दर दोन नव्या पेशंटमागे एकीहून अधिक मृत्यू. जगात हेच आकडे सुमारे २३ लाख आणि ६ लाख ७० हजार. ही तफावत गाठीच्या जातीपेक्षा उशिराची जास्त आहे.

या पार्श्वभूमीवर टाटा मेमोरियलच्या मुंबईतल्या अभ्यासाची आठवण करून देतो. १९९८ मध्ये सुरू झाला, डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांचा. वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून जास्त स्त्रिया. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी तपासणी केली. यंत्र नाही, वीज नाही. २०२१ मध्ये निकाल छापून आले, गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयोगटांचा मिळून जो फरक दिसला तो १५ टक्के, आणि तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तर माझा प्रश्न असा, की तुमचं मॉडेल माझ्या टेबलावरच्या बाईच्या काय कामाचं?

---

कृष्णाकाठ
सोमवार, रात्री १०.५०

डॉक्टर, आज दिवसभर तुमचाच प्रश्न डोक्यात होता.

लवकर शोधण्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. आरोग्यसेविकेच्या बोटांची जागा माझं मॉडेल घेऊ शकत नाही. पण तीन-चार सेंटिमीटरची गाठ घेऊन आलेल्या बाईला आधी केमो आणि मग ऑपरेशन असं बरेचदा करतात ना? त्या केमोचा उपयोग होतोय का, हे आपल्याला कधी कळतं? गाठ हाताला लहान लागली की. तोवर दोन-तीन सायकल, म्हणजे औषधाच्या फेऱ्या, होऊन गेलेल्या असतात. औषध लागू पडत नसेल तर ती बाई केस, ताकद, पैसे सगळं गमावून बसते, फायद्याशिवाय.

इथे माझं दुसरं काम येतं. डिफ्युजन एमआरआय पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतं. गाठीत पेशींची दाटी असते, लोकलच्या डब्यासारखी, म्हणून पाण्याला हलायला जागा नसते. औषधाने पेशी मरायला लागल्या की दाटी कमी होते आणि पाणी मोकळं हिंडू लागतं. हे गाठीचा आकार कमी होण्याच्या आधी घडतं. म्हणजे टेपने मोजून जे नंतर कळणार ते पाण्याच्या हालचालीतून आधी कळू शकतं. टेक्सासमध्ये ऑस्टिनला टॉम यँकेलोव्ह यांचा गट उपचाराच्या सुरुवातीच्या अशा स्कॅनवरून पेशंटगणिक मॉडेल बसवतो आणि उपचाराच्या शेवटी किती गाठ उरेल याचं भाकीत करतो. मी त्याच पद्धतीवर काम केलं.

तुमच्या पेशंटसाठी याचा उपयोग आज नाही, उद्या होऊ शकतो. पण त्यासाठी मॉडेल तुमच्या पेशंटवर तपासायला हवं, आणि ते अजून झालेलं नाही. मी ज्या स्कॅनवर शिकले त्यातल्या बहुतेक बायका साठीच्या आसपासच्या, गोऱ्या, मेदाचं प्रमाण जास्त असलेल्या. कोल्हापूरच्या बेचाळीस वर्षांच्या बाईच्या दाट ऊतींवर ते मॉडेल मी डोळे मिटून वापरणार नाही, कुणाला वापरूही देणार नाही.

दाट ऊतींबद्दल एक चांगली बातमी. नेदरलँड्समधल्या 'डेन्स' चाचणीत ५० ते ७५ वयाच्या, अतिशय दाट ऊती असलेल्या, मॅमोग्राफी नॉर्मल आलेल्या ४० हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. त्यातल्या एका गटाला जादा एमआरआय देऊ केली. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कर्करोग दर हजारी ५ वरून २.५ वर आले. २०१९ चा निकाल. महाग उपाय आहे, पण मॅमोग्राफीतलं धुकं ही फक्त तक्रार नाही, त्याचं मोजमाप झालं आहे.

---

गणिती
मंगळवार, सकाळी ९.२०

निवृत्त प्राध्यापक, संख्याशास्त्र. समीकरण लिहा ना बाई, नुसतं वर्णन नको. आणि दोन स्कॅनवरून तुम्ही किती अज्ञात राशी काढता?

---

कृष्णाकाठ
मंगळवार, संध्याकाळी ६.००

सर, शब्दांत लिहिते म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. एका बिंदूपाशी पेशींची संख्या दर दिवशी किती बदलते? शेजारी पसरून गेलेल्या किंवा शेजारून आलेल्या, अधिक तिथेच विभागून वाढलेल्या, उणे औषधाने मेलेल्या. पसरण्याचा वेग एक राशी, वाढीचा वेग दुसरी, औषधाचा परिणाम तिसरी. वाढ अमर्याद नाही. जागा भरत आली की वेग मंदावतो. काही जण त्यासाठी गॉम्पर्ट्झचं सूत्र वापरतात. गॉम्पर्ट्झने ते १८२५ मध्ये माणसांच्या मृत्युदरासाठी मांडलं आणि १९६४ मध्ये ॲना लेअर्ड यांनी ते गाठींच्या वाढीला लावून दाखवलं. विमा कंपन्यांचं सूत्र गाठींना लागू पडलं, याचं मला आजही नवल वाटतं.

आणखी एक भर. पेशी पसरतात तेव्हा आजूबाजूची ऊती त्यांना दाबून धरते. ग्रंथी कडक, चरबी मऊ. म्हणून पसरण्याचा वेग त्या जागच्या ताणानुसार कमी करतात. इथे माझं पहिलं काम आणि दुसरं काम एकमेकांना भेटतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर तीन वर्षं गेली, सर. वाढीचा वेग प्रत्येक बिंदूला वेगळा धरला तर अज्ञात राशी हजारो होतात. स्कॅनमध्येही बिंदू हजारो असतात, म्हणून गणित सुटतं, पण सुटलेलं उत्तर खरंच एकमेव आहे का? वाढ जास्त आणि औषध प्रभावी, किंवा वाढ कमी आणि औषध निष्प्रभ, दोन्हींतून जवळजवळ तेच चित्र निघू शकतं. याला उपाय म्हणून मी एका आकड्याऐवजी शक्यतेचा पट्टा देते. सर्जनना आधी ते आवडलं नाही, त्यांना आकडा हवा होता. पुढे एका पेशंटच्या बाबतीत पट्टा फार रुंद आला. मी सांगितलं की या केसमध्ये मॉडेलचं ऐकू नका. त्यानंतर ते माझ्याशी जास्त बोलायला लागले.

---

गणिती
मंगळवार, संध्याकाळी ६.४५

पट्टा देता हे उत्तम. माझे विद्यार्थी आकडा द्यायचे आणि मी गुण कापायचो.

---

अबोली_सोलापूर
मंगळवार, रात्री ८.३०

मी इथे फक्त पाककृतींच्या धाग्यांवर लिहिते, पण आज राहवलं नाही. मी पेशंट आहे. सहा वर्षांपूर्वी अंघोळ करताना गाठ हाताला लागली. तेव्हा मी ४४ वर्षांची. एका ठिकाणी 'वयाने होतं, काही नाही' म्हणून पाठवून दिलं. पाच महिने गेले. नंतर दुसरीकडे बायोप्सी झाली.

कृष्णाकाठताई, तुम्ही केमोबद्दल जे लिहिलंत, 'फायद्याशिवाय', ते वाचून मी बराच वेळ बसून राहिले. मला पहिल्या चार सायकल दिल्या तेव्हा गाठ तशीच होती. पुढे औषध बदललं, मग विरघळली. त्या चार सायकलमध्ये माझ्या हातापायांच्या मुंग्या सुरू झाल्या त्या अजून आहेत. चपाती लाटताना लाटणं निसटतं. हे आधी कळलं असतं तर?

मला एक विचारायचंय. तुम्ही लोक ज्या बायकांचे स्कॅन वापरता, त्यांना ते माहीत असतं का? मला कुणी विचारलं असतं तर मी आनंदाने दिले असते. पण विचारायला हवं होतं, असं वाटतं.

---

कृष्णाकाठ
मंगळवार, रात्री ११.१०

अबोलीताई, उत्तर द्यायच्या आधी तुमचा प्रतिसाद माझ्या मार्गदर्शकांना भाषांतर करून वाचून दाखवला. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

हो, विचारतात, विचारावंच लागतं. युरोपात २०१८ पासून माहिती-संरक्षणाचा कडक कायदा लागू आहे आणि आमच्या प्रशिक्षणातला पहिला अख्खा आठवडा संमती या एकाच विषयावर होता. भारतात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) नीतिनियमावली आहे, संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते, आणि परदेशी संस्थेबरोबर संशोधन असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही. नियम आहेत. पण कागदावर सही घेणं वेगळं आणि तुम्ही म्हणता तसं विचारणं वेगळं.

आमच्या जाळ्याच्या बैठकांना या आजारातून गेलेल्या दोन स्त्रिया बसायच्या. सल्लागार म्हणून, समान हक्काने. त्यातल्या एकीने मला विचारलं होतं, "तुझ्या मॉडेलने सांगितलं की माझं औषध चालणार नाही, आणि दुसरं औषधच नसेल, तर मला ते कळून काय?" मी निरुत्तर झाले. प्रबंधातलं एक प्रकरण त्या प्रश्नामुळे बदललं. पर्यायी औषध उपलब्ध आहे अशाच टप्प्यावर भाकीत द्यायचं, असं आम्ही ठरवलं.

---

अणुशक्तीनगरकर
बुधवार, सकाळी ८.००

मेडिकल फिजिसिस्ट आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून कॅन्सर रुग्णालयात लागलो. धागा फक्त इंजिनिअर मंडळींचा होऊ नये म्हणून एम.एस्सी. फिजिक्सवाल्यांसाठी लिहितो.

इटलीत ट्रिएस्तेला अब्दुस सलाम यांनी स्थापलेलं आंतरराष्ट्रीय भौतिकी केंद्र आहे. तिथे ट्रिएस्ते विद्यापीठाबरोबर मेडिकल फिजिक्सचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. पहिलं वर्ष वर्गात, दुसरं इटलीतल्या रुग्णालयांत प्रत्यक्ष काम. खास विकसनशील देशांतल्यांसाठी, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा पाठिंबा आहे. माझा सहकारी जाऊन आला. त्याच्या वर्गात आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिका अशा सगळीकडची मुलं होती, आणि प्रत्येकाच्या देशातलं यंत्र कसं बिघडतं यावर म्हणे रात्र रात्र चर्चा व्हायची. खरं शिक्षण तेच.

आणि ज्यांना कुठेच जाता येत नाही त्यांच्यासाठी 'व्हिक्टर'. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अख्खी क्लिनिकल चाचणी संगणकात केली. २,९८६ कृत्रिम स्त्रिया, संगणकाने बनवलेले स्तन, त्यात बसवलेल्या गाठी, आणि साध्या मॅमोग्राफीची टोमोसिंथेसिसशी, म्हणजे थराथराने चित्र काढणाऱ्या मॅमोग्राफीशी, तुलना. निष्कर्ष खऱ्या चाचणीशी जुळणारा आला. कुणालाही किरणांचा एक कणही न देता. तो सगळा कोड मोफत खुला आहे. नाशिकच्या मुलाने तो उतरवून घ्यावा.

---

रोखठोक
बुधवार, दुपारी १.१५

सगळं वाचलं. कौतुक आहे, पण खटकतं ते बोलतो. आपली हुशार मुलं तिकडे, निधी तिकडे, पेटंट तिकडे. आणि आता 'भारतीय स्त्रियांचा डेटा हवा' म्हणजे स्कॅनही तिकडे. परत येऊन सॉफ्टवेअर आपल्यालाच विकणार. माझ्या आईच्या रिपोर्टला एका शहरात तीन आठवडे लागले, वाचायला माणूस नव्हता म्हणून. तिकडे शिकून आलेला एक जण तरी जिल्ह्याच्या गावी बसतो का?

---

क्षकिरण_कोल्हापूर
बुधवार, दुपारी ३.४०

रोखठोक, तुमचा राग रास्त आहे. तीन आठवडे म्हणजे अक्षम्य. वाचणाऱ्यांची टंचाई मी रोज बघतो. स्वीडनमध्ये 'मासाई' नावाची मोठी चाचणी झाली, ८० हजारांवर स्त्रिया. तिथे प्रत्येक मॅमोग्राफी दोन डॉक्टर वाचतात. संगणकाने जोखीम ठरवून फक्त संशयास्पद फिल्म दोघांकडे पाठवल्या, बाकीच्या एकाकडे. वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि सापडलेले कर्करोग कमी झाले नाहीत. इथे मात्र पहिला वाचणाराच नाही, तिथे दुसऱ्याचं काम वाचवून काय होणार? म्हणून ते जसंच्या तसं उचलून चालणार नाही. आपली चाचणी आपल्यालाच करावी लागेल, आणि ती करायला शिकलेली माणसं लागतील.

---

कृष्णाकाठ
बुधवार, रात्री १०.२०

रोखठोकदादा, मी अजून तिकडेच आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार मला निम्माच. पण डेटाबद्दल माझी भूमिका ठाम आहे. स्कॅन इथून हलू नयेत. मॉडेल प्रवास करू शकतं. कोड रुग्णालयात येतो, तिथल्याच संगणकावर तपासला जातो, बाहेर जातात ते फक्त निकालाचे आकडे. तंत्र तयार आहे. अडतं ते रुग्णालयात बसून ते चालवणाऱ्या माणसापाशी. असा माणूस, ज्याला एमआरआयचं भौतिकशास्त्र कळतं, कोड कळतो, आणि वाचनकक्षात डॉक्टरांच्या शेजारी गप्प बसून ऐकता येतं. ते तिसरं मी तिकडे शिकले, आणि ते शिकायला युरोपच हवं असं अजिबात नाही. क्षकिरण डॉक्टर, तुमच्या खोलीत एक जादा खुर्ची आहे का?

---

क्षकिरण_कोल्हापूर
गुरुवार, सकाळी ७.०५

आहे. गुरुवारी आणि शनिवारी सकाळी स्तनाच्या केसेस वाचतो. नाशिकच्या मुलाने कॉलेजचं पत्र आणि गोपनीयतेचं हमीपत्र घेऊन यावं. दोन आठवडे, सुट्टीत. राहायची सोय करतो. फोनवर बोलू नये खोलीत, बाकी अट नाही.

---

अबोली_सोलापूर
गुरुवार, सकाळी ९.३०

डॉक्टर, माझे जुने सगळे स्कॅन सीडीवर आहेत. केमोच्या आधीचे, मधले, नंतरचे. नाव काढून शिकवायला वापरता येत असतील तर मी स्वतः सही करून देते. जिथे औषध लागू पडलं नाही ते मधलेही घ्या.

---

शेवटचं_वर्ष_नाशिक
शुक्रवार, रात्री ११.५५

डॉक्टर, मी नक्की येतो. अबोलीकाकू, काय बोलू कळत नाहीये. नमस्कार करतो.

दोन दिवस झोपलो नाही. कृष्णाकाठताई, 'द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह'वरून सर्वांसाठी खुला असलेला एक स्तनाच्या एमआरआयचा संच उतरवला आणि थ्रीडी स्लायसर या स्कॅन बघायच्या प्रोग्राममध्ये उघडला. गाठ सापडली असं वाटतंय, डाय दिल्यावर लगेच उजळते आणि मग फिकी होते. पण एक कळत नाही. आडव्या छेदात स्तन वरच्या दिशेला ताणलेले दिसतात, टोकदार. झोपलेल्या बाईचे असे कसे दिसतील? खाली पसरायला हवेत ना? माझं काही उलटं झालंय का?

---

कृष्णाकाठ
शनिवार, सकाळी ६.३०

काहीही उलटं झालेलं नाही. ती पालथी झोपली आहे. स्लायसर माणसाची छातीची बाजू नेहमी वर आणि पाठ खाली दाखवतो, खोलीत ती कशीही झोपलेली असो. त्यामुळे तुला स्क्रीनवर जे 'वर' दिसतंय, ते त्या खोलीत जमिनीच्या दिशेला आहे. फाइलच्या हेडरमध्ये 'पेशंट पोझिशन' बघ, तिथे शेवटचं अक्षर 'पी' असेल, म्हणजे प्रोन, पालथी.

हे आत्ताच पक्कं लक्षात ठेव. उद्या या स्तनाचं मॉडेल बनवशील तेव्हा गुरुत्वाकर्षणाचा बाण सवयीने स्क्रीनच्या खालच्या दिशेला काढशील, आणि गाठ भलतीकडे जाईल. माझा पहिला महिना त्यात गेला. बाण वर काढायचा. उजळून फिकं होण्याचा आलेख काढून इथे टाक, डॉक्टर बघतील.